बर्फावरील चार दिवस

पायांत पोलादी पातें बांधून गोठलेल्या पाण्यावरून धांवण्याची शर्यत आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें सहज उभी राहणार नाहीं. चारशें मीटरांच्या लंबगोल मार्गावर एका वेळीं दोघीच धांवतात, आणि आंतील वळणाचा लाभ दोघींस सारखा मिळावा म्हणून प्रत्येक फेरींत त्या आपापली बाजू बदलतात. तथापि खरा सामना शेजारणीशीं नसून घड्याळाशीं असतो. धांवणारी कमरेंत वांकून पाऊल मागें न रेटतां बाजूस रेटते. कारण सरळ मागें रेटलेलें पातें गुळगुळीत बर्फावर नुसतें निसटतें.

ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांच्या या शर्यती १९२४ पासून होत होत्या. स्त्रियांस तेथें रीतसर प्रवेश मिळाला तो १९६० सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंतील स्क्वॉ व्हॅली येथें सोव्हिएट संघाच्या लिदिया स्कोब्लिकोवा हिनें १५०० व ३००० मीटरांचीं सुवर्णपदकें मिळविलीं. तिचा जन्म १९३९ मधला, उरल पर्वतांतील झ्लातौस्त या शहरीं. हें शहर तलवारींच्या पोलादासाठीं फार पूर्वींपासून नांवाजलेलें. तेथील मुलीनें पोलादी पात्यांवरच नांव काढावें, हा एक गमतीचा योग म्हणावयाचा! मात्र १००० मीटरांत ती चौथी आली होती. लांब पल्ल्याचा दम आणि आखूड पल्ल्याचा झपाटा हे दोन गुण एका देहांत क्वचितच नांदतात. ५०० मीटर म्हणजे सव्वा फेरी, तर ३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या.

स्कोब्लिकोवानें हे दोन्ही गुण साधले. १९६३ सालीं जपानांतील कारुइझावा येथें जागतिक अजिंक्यपदाच्या चारही शर्यती तिनें जिंकल्या. पुढल्या वर्षीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें ऑलिंपिक सामने भरले. तो हिंवाळा इतका उबदार होता कीं, सैनिकांना डोंगरावरून बर्फ वाहून आणावा लागला. ३० जानेवारीस तिनें ५०० मीटर ४५ सेकंदांत, म्हणजे तासाला चाळीस किलोमीटरांच्या वेगानें पार केले. दुसऱ्या दिवशीं १५०० मीटर २ मिनिटें २२.६ सेकंदांत, तिसऱ्या दिवशीं १००० मीटर १ मिनिट ३३.२ सेकंदांत. हे तिन्ही ऑलिंपिक उच्चांक ठरले. चौथ्या दिवशीं ३००० मीटरांस तिला ५ मिनिटें १४.९ सेकंद लागले. पदक मिळालें, परंतु स्वतःचाच १९६० चा उच्चांक सहा दशांश सेकंदानें हुकला. याच शर्यतींत उत्तर कोरियाच्या हान पिल-ह्वा हिनें दुसरें स्थान विभागून घेतलें. हिंवाळी ऑलिंपिकमध्यें पदक मिळविणारी ती पहिली आशियाई स्त्री होय.

एकाच हिंवाळी ऑलिंपिकमध्यें चार सुवर्णपदकें तोंपर्यंत कोणाही पुरुषास मिळालीं नव्हतीं. १९६८ सालीं ग्रेनोब्लला स्कोब्लिकोवा पुन्हां उतरली, पण रिक्त हस्तें परतली. तिच्या सहा सुवर्णपदकांची बरोबरी करणारी स्त्री या खेळांत २०२२ सालीं निघाली: हॉलंडची इरेन व्यूस्ट. तिला त्यासाठीं पांच ऑलिंपिक लागले.