दवाखाना एक, तिजोऱ्या दोन

केनिया, दक्षिण आफ्रिका, झांबिया आणि एस्वातिनी या चार देशांतील १२ केंद्रांवर ७,८२९ स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या ‘इको’ या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनामुळे एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका वाढतो की काय, या जुन्या शंकेचे निरसन करण्यासाठी ही चाचणी योजलेली होती. इंजेक्शन, तांबी आणि दंडात त्वचेखाली बसवली जाणारी संप्रेरकयुक्त कांडी या तीन साधनांमध्ये त्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र या दिलासादायक उत्तरापेक्षा दुसरी नोंद अधिक गंभीर ठरली. समुपदेशन आणि निरोध यांची सोय असूनही चाचणीच्या काळात ३९७ स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली, म्हणजे वर्षाला शंभरांमागे जवळपास चौघींना. एरवी जोखमीचे मानले जाणारे गट शोधून त्यांतून या स्त्रिया निवडलेल्या नव्हत्या. गर्भधारणा लांबवण्यासाठी साधन हवे असलेल्या त्या सर्वसामान्य स्त्रिया होत्या.

नको असलेले गरोदरपण आणि एचआयव्ही या दोन्हींचा धोका बहुतांशी एकाच शरीरसंबंधातून उद्भवतो, तेव्हा दोहोंपासूनचे संरक्षणही एकाच ठिकाणी मिळावे हे ओघाने येते. १९९४ साली कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकास परिषदेत १७९ देशांनी हा विचार स्वीकारला होता. प्रजनन आरोग्य म्हणजे केवळ कुटुंब नियोजन नव्हे, तर सुरक्षित मातृत्व, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून बचाव आणि मूल केव्हा व्हावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य, अशी व्यापक मांडणी त्या परिषदेने केली आणि एचआयव्ही-प्रतिबंधाला तिच्यात स्थान दिले.

पैशाची वाटचाल मात्र निराळ्या दिशेने झाली. २००० सालानंतर निश्चित झालेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांत एचआयव्हीला स्वतंत्र स्थान मिळाले, तर प्रजनन आरोग्यसेवा सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे लक्ष्य त्यांत २००७ मध्ये मागाहून जोडावे लागले. २००२ साली एड्स, क्षयरोग व मलेरिया यांच्याविरुद्धचा जागतिक निधी स्थापन झाला आणि २००३ साली अमेरिकेची ‘पेप्फार’ ही एड्सविरोधी मदत योजना जाहीर झाली. एका आजारासाठी वेगळा निधी, वेगळे कर्मचारी, वेगळी नोंदवही आणि वेगळा औषधपुरवठा अशी ही उभी रचना होती. तिने लक्षावधी रुग्णांचे प्राण वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाधित स्त्रीला औषधाच्या गोळ्या देणाऱ्या खोलीत गर्भनिरोधक ठेवण्याची तरतूद या रचनेत सहसा नव्हती, कारण पेप्फारचा पैसा निरोध वगळता अन्य गर्भनिरोधकांच्या खरेदीसाठी वापरता येत नसे. त्यात राजकीय अटींची भर पडली. गर्भपाताची सेवा किंवा पुरस्कार करणाऱ्या परदेशी संस्थांना अमेरिकेचा कुटुंब नियोजन निधी नाकारणारे १९८४ चे ‘मेक्सिको सिटी धोरण’ २०१७ मध्ये जवळपास सर्व जागतिक आरोग्य मदतीला लावण्यात आले आणि एड्सच्या कार्यक्रमांनाही त्याची झळ बसली.

या विभागणीची किंमत मातेकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाच्या प्रतिबंधात स्पष्ट दिसते. कोणताही उपाय न योजल्यास हा संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने चार अंगे सांगितली आहेत : स्त्रियांना मुळात लागण होऊ न देणे, बाधित स्त्रियांचे नको असलेले गरोदरपण टाळणे, बाळाला संसर्ग होऊ न देणे आणि कुटुंबाची शुश्रूषा करणे. निधी आणि लक्ष प्रामुख्याने तिसऱ्या अंगाकडे वळले. दुसरे अंग ‘कुटुंब नियोजनवाल्यांचे काम’ म्हणून मागे राहिले.

औषधशास्त्राच्या दृष्टीनेही ही फारकत परवडणारी नाही. एफाविरेन्झ या एचआयव्हीविरोधी औषधामुळे त्वचेखालील कांडीतील संप्रेरकाची रक्तातील पातळी घटते, त्यामुळे एका खोलीत औषध आणि दुसऱ्या खोलीत कांडी देणाऱ्यांना परस्परांची माहिती नसेल, तर स्त्री निर्धास्त असतानाच गरोदर राहू शकते. शिवाय बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो, म्हणून त्याची तपासणी एचआयव्हीच्या उपचारांबरोबरच होणे इष्ट आहे.

भारतातही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये आणि प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम १९९७ मध्ये असे वेगवेगळे सुरू झाले. आज गरोदर स्त्रीची एचआयव्ही तपासणी प्रसूतिपूर्व तपासणीचा भाग बनली आहे आणि महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतून चालणारी ‘आयसीटीसी’, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, वाचकांच्या परिचयाची आहेत. यावरून हे दोन प्रवाह जोडणे शक्य आहे, हे दिसते.

एकत्रीकरणावरील आक्षेपही विचारात घ्यावे लागतात. आधीच कामाने वाकलेल्या परिचारिकेवर नवे काम लादून मनुष्यबळ वाढवले नाही, तर दोन्ही सेवा खालावतात. समलिंगी पुरुष, तृतीयपंथी किंवा देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना कुटुंब नियोजन केंद्रात सन्मानाची वागणूक मिळेलच असे नाही, म्हणून त्यांच्यासाठीचे स्वतंत्र कार्यक्रम चालू राहिलेच पाहिजेत. तेव्हा एकत्रीकरणाचा अर्थ काटकसर असा घेणे चुकीचे ठरेल.

मागणी नेमकी असावी लागते ती यासाठीच. एड्सच्या निधीतून गर्भनिरोधके आणि कुटुंब नियोजनाच्या निधीतून एचआयव्ही चाचणी व प्रतिबंधक औषधे खरेदी करण्याची मुभा हवी. जागतिक निधीकडे जाणारे प्रस्ताव ज्या देशपातळीवरील समन्वय समित्या तयार करतात, त्यांत मातृ-आरोग्य विभाग आणि बाधित स्त्रिया यांना खरा आवाज हवा. आणि यशाच्या मोजमापात दोन्ही सेवा मिळालेल्या स्त्रियांची गणना हवी.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावल्यापासून या मागणीची निकड वाढली आहे. लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या प्रतिबंधक इंजेक्शनाच्या चाचणीत दक्षिण आफ्रिका व युगांडातील ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ साली जाहीर झाले. हे औषध केवळ एड्स केंद्रांच्या कपाटांत राहिले, तर ‘इको’ चाचणीत दिसलेल्या स्त्रियांसारख्या असंख्य जणींपर्यंत ते पोहोचणार नाही. गर्भनिरोधक इंजेक्शनासाठी त्या दर तीन महिन्यांनी जिथे येतात, तिथेच ते देता यावे, इतकी लवचिकता निधीच्या नियमांत आणणे हे देणाऱ्या देशांचे आणि मागणाऱ्या देशांचेही कर्तव्य ठरते.