जीर्णोद्धार एका अस्वलाचा

फाटक्या टेडी बेअरची दुरुस्ती हाही एक गंभीर व्यवसाय आहे, असे म्हटले तर आपल्यापैकी अनेकांना हसू येईल. इंग्लंड-जर्मनीत मात्र या कामाला वाहिलेल्या कार्यशाळा आहेत आणि त्यांना कौतुकाने ‘अस्वलांची रुग्णालये’ म्हटले जाते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी या कलेविषयी वाचू लागलो, तेव्हा मनात केवळ कुतूहल होते. पुढे जाणवले की, आपण वैद्यकीय मंडळींनी विसरू नये असे काहीतरी या कारागिरांनी जपले आहे.

या खेळण्याचा जन्म १९०२ सालचा. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांनी मिसिसिपीतील शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले आणि ब्रुकलिनमधील दुकानदार मॉरिस मिचटम यांनी ‘टेडीचे अस्वल’ विक्रीस मांडले. त्याच सुमारास जर्मनीतील गिंगेन गावी मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचे पुतणे रिचर्ड यांनी हलत्या सांध्यांचे अस्वल घडविले. मार्गारेटबाईंना तान्हेपणीच पोलिओ झाला होता. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी हा उद्योग उभारला. जिचे स्वतःचे पाय लुळे, तिच्या कारखान्यातून हातपाय हलविणारे अस्वल बाहेर पडावे, हा योगायोग वैद्यकाला अंतर्मुख करणारा आहे.

जुने अस्वल दुरुस्तीस आले की, कारागीर प्रथम मालकाकडून त्याचा पूर्वेतिहास जाणून घेतो. मग तपासणी. त्वचा म्हणजे मोहेर, अर्थात अंगोरा शेळीच्या केसांचे कापड. आत लाकडाचे केसासारखे बारीक तंतू किंवा सावरीच्या कापसासारखा कपोक. डोळे बुटाच्या गुंड्यांचे वा काचेचे. सांध्यांत पुठ्ठ्याच्या चकत्या आणि लोखंडी खिळी. कसर लागल्याची शंका असल्यास अस्वल पिशवीत बंद करून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. त्यानंतर पाठीची शिवण उसवून भरण काढायचे, कातडे सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचे, विरलेल्या जागी आतून पातळ कापडाचे अस्तर लावायचे, गंजलेल्या खिळी बदलायच्या आणि पुन्हा भरण घालायचे. शेवटचा टाका आपल्या सबक्युटिक्युलर टाक्यासारखा, धागा बाहेरून दिसू न देणारा. काही कारागीर जुन्या भरणाची एक चिमूट छातीत परत ठेवतात!

कौशल्याची खरी कसोटी मात्र काय करू नये, हे ओळखण्यात असते. नाकावरची लव मुके घेऊन गेलेली असते. एक कान ओढून ओढून लोंबलेला असतो. तो सरळ केला तर अस्वल देखणे होईल, पण मालकाला ते परके वाटेल. ए. ए. मिल्न यांच्या मुलाची खेळणी, म्हणजे ‘विनी द पूह’ आणि त्याचे सवंगडी, १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. २०१६ मध्ये त्यांचे जतनकार्य पूर्ण झाले, तरी ती आजही खेळून झिजलेलीच दिसतात. तेच त्या कामाचे यश होय.

याचे मर्म ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉ. विनिकॉट यांनी १९५१ साली मांडले. आईपासून हळूहळू वेगळे होणारे मूल एखाद्या मऊ वस्तूचा आधार घेते. ती वस्तू मळते, तिला वास येतो. पण आई ती सहसा धूत नाही. कारण त्या वासाबरोबर मुलाच्या अनुभवाचे सातत्य खंडित होते.

वाचकहो, आपल्या घरांत टेडी बेअर उशिरा आले. महाराष्ट्र सोडून पिढ्यान् पिढ्या येथे स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत आजीच्या लुगड्याची गोधडी हेच काम करीत आली आहे. एका रुग्णालयात चार वर्षांच्या मुलीच्या हातून असाच एक तुकडा, अस्वच्छ म्हणून, शस्त्रक्रियेपूर्वी काढून घेतलेला मी पाहिला. औषधाने न थांबलेले तिचे रडणे, भूलतज्ज्ञांनी तो तुकडा परत आणविताच थांबले. ती झोपी गेल्यावर त्यांनी तो अलगद काढून तिचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवला आणि शुद्धीवर येताना पुन्हा हाती दिला.

जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही. मऊ खेळण्यांत जंतू राहतात; प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या वा भाजलेल्या मुलांच्या कक्षात कडक नियम हवेतच. इतरत्र मात्र मार्ग काढता येतो. मुलाची वस्तू त्याच्यापुरतीच ठेवावी, दुसऱ्या मुलाला देऊ नये. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर ती चार दिवस आधी घरी धुण्यास सांगावे, म्हणजे तिला पुन्हा घरचा वास येतो. केस पेपरवर त्या वस्तूचे नाव लिहावे; मुलाशी बोलण्याचा धागा त्यातूनच मिळतो.

एका कापडी अस्वलाला हात लावण्यापूर्वी तो कारागीर विचारतो, “याचे काय तसेच राहू द्यायचे?” वृद्ध असो वा बालक, आपल्यापुढे येणाऱ्या प्रत्येक जिवंत रुग्णाला हा प्रश्न विचारण्याइतका अवधी आपल्याजवळ असावा, एवढीच अपेक्षा.