वाचनयंत्राचा पडदा आणि देवनागरी अक्षर

इलेक्ट्रॉनिक वाचनयंत्रांची तुलना करताना पडद्याचा आकार आणि त्याची रेखीवता यांची पुष्कळदा गल्लत होते. आकार कर्णाच्या इंचांत मोजतात. रेखीवता दर इंचातील बिंदूंवरून ठरते. २००७ मधील पहिल्या किंडलचा पडदा ६ इंची, ८०० × ६०० बिंदूंचा होता. म्हणजे कर्णावर १००० बिंदू, दर इंची सुमारे १६७. २००९ मधील किंडल डीएक्सचा पडदा ९.७ इंची, परंतु रेखीवता १५० च. २०१५ च्या पेपरव्हाइटने ६ इंचांतच ३०० ची मजल गाठली.

देवनागरीत हा भेद थेट अर्थाशी निगडित आहे. १२ पॉइंट टाइपाच्या उंचीला १६७ च्या पडद्यावर जेमतेम २८ बिंदू लाभतात, ३०० च्या पडद्यावर ५०. तेवढ्यातच शिरोरेखेवरील अनुस्वार व रेफ आणि अक्षराखालचा उकार बसवावयाचा असतो. ठिपका पुसटला की ‘वंदना’चे ‘वदन’ होते. उकार बिघडला की ‘सूता’चा ‘सुत’ होतो.

तथापि आकार गौण नव्हे. ज्या ग्रंथातील अक्षरे वाढविता येतात त्यास रेखीवता पुरेशी; छायाचित्रित पानास आकारही हवा. बाळकुमचा अभ्यासक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) बसून डेमी आकाराचा, ८.५ × ५.५ इंचांचा ग्रंथ वाचतो तेव्हा टाइप मूळ मापाचाच असतो. तेच पान ६ इंची पडद्यावर अखंड मावविल्यास १२ पॉइंटांचे अक्षर ७ पॉइंटांहूनही लहान होते आणि ३०० चा पडदा पुन्हा २८ बिंदूंवर येतो. म्हणून पाठभेद नोंदविणाऱ्याने आधी ग्रंथाचे रूप पाहावे, मग पडदा निवडावा.