एक वर्ष, एक पुस्तक : किशोरांचा बायबल क्विझ संघ

रविवार शाळा मुलांना बारा-तेरा वर्षांपर्यंत धरून ठेवते. तरुण संघात ती रमतात कॉलेजात गेल्यावर. मधल्या चार-पाच वर्षांत मंडळीत त्यांच्या वाट्याला नाताळच्या नाटिकेतली एखादी भूमिका सोडली तर फारसे काही येत नाही. वास्तविक पाठांतराला, चुरशीला आणि मित्रमैत्रिणींच्या संगतीला याच्याइतके अनुकूल वय दुसरे नाही. बायबल क्विझचा संघ या वयाला अगदी साजेसा आहे. तो उभारायला पैसा थोडा लागतो, चिकाटी मात्र बरीच.

आधी पुस्तक ठरवा

नुसते ‘बायबलवर क्विझ’ असे जाहीर केले की मुले तारवाची लांबी आणि मथुशलहाचे वय पाठ करत बसतात. 66 पुस्तकांतली तुटक माहिती हाती लागते, पण एकही पुस्तक ओळखीचे होत नाही. म्हणून वर्षाला एकच पुस्तक घ्यावे. पहिल्या वर्षासाठी मार्ककृत शुभवर्तमान उत्तम. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे आहे आणि एकामागून एक घटना घडत असल्यामुळे मुलांना पुढे ओढत नेते. त्यात 16 अध्याय आणि 678 वचने आहेत. सहावा (56 वचने) आणि चौदावा (72 वचने) हे दोन अध्याय दोन-दोन आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला एक भाग या हिशेबाने 18 आठवडे लागतात. जूनमध्ये शाळेबरोबरच सुरुवात करून सहामाही परीक्षेसाठी दोन आठवडे सोडले, तरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुस्तक पुरे होते आणि नाताळची धावपळ सुरू होण्याआधी सामना घेता येतो. दहावीच्या मुलांना सामन्यानंतर मोकळे करावे, म्हणजे पालकांचीही हरकत राहत नाही.

भाषांतरही पहिल्याच दिवशी ठरवावे. मराठी नवा करार सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. आज बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आवृत्ती वाचली जाते. प्रत्येकीची शब्दरचना वेगळी असल्याने, वचन जसेच्या तसे म्हणण्याच्या फेरीत सर्वांकडे एकच आवृत्ती नसेल तर भांडण ठरलेलेच. शहरातल्या मंडळ्यांत इंग्रजी माध्यमाची मुले मराठी वाचताना अडखळतात. त्यांची जोडी मराठी माध्यमाच्या मुलांशी लावावी आणि दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचावे. उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, पाठ वचन मात्र ठरलेल्या आवृत्तीतलेच असावे.

संघ आणि मोठी माणसे

सातवी ते अकरावीची आठ-दहा मुले पुरेशी आहेत. त्यांचे दोन संघ करावेत, म्हणजे बाहेरचा प्रतिस्पर्धी नसला तरी दर आठवड्याला सामना होतो. प्रत्येक संघात चौघे खेळणारे आणि शक्य असल्यास एक राखीव. केवळ हुशार मुले निवडू नयेत. पाठांतरात कच्चे असलेले मूल पुष्कळदा प्रश्न फार बारकाईने ऐकते.

सुरुवातीलाच पाळकसाहेब आणि कमिटी यांची संमती घ्यावी, पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि सरावाला किमान दोन मोठी माणसे हजर राहतील असे पाहावे. यात तडजोड नको.

प्रश्न मुलांनीच काढावेत

संघाचा खरा अभ्यास इथे होतो. तयार प्रश्नसंच वापरले तर मुले फक्त उत्तरे पाठ करतात. प्रश्न स्वतः काढायचा म्हटले की उतारा चार वेळा वाचावा लागतो.

दुसऱ्या अध्यायातली पहिली बारा वचने घ्या. कफर्णहूममधल्या घरात गर्दी झाली आहे आणि लोक एका पक्षघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात. पहिल्या वाचनात मुले विचारतील, त्याला किती जणांनी उचलून आणले? उत्तर, चौघांनी. दुसऱ्या वाचनात विचारतील, छप्पर का उघडावे लागले? तिसऱ्या वाचनात एखादी मुलगी विचारते, येशूला कोणाचा विश्वास दिसला? बहुतेक जण घाईने सांगतात, त्या आजारी माणसाचा. पण वचनात शब्द अनेकवचनी आहे: त्याला आणणाऱ्यांचा विश्वासही त्यात आला. हा प्रश्न काढणाऱ्या मुलीने तो उतारा खऱ्या अर्थाने वाचला आहे.

प्रत्येकाने आठवड्याला पाच प्रश्न कार्डावर लिहावेत. पुढे प्रश्न, मागे उत्तर आणि वचनाचा क्रमांक. निव्वळ क्रमांक विचारणारे प्रश्न थोडेच असू द्यावेत. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले; मार्कने लिहिली ती सलग हकीकत. इतर शुभवर्तमानांशी गोंधळ होईल असे प्रश्न मुद्दाम घ्यावेत. यरीहोच्या आंधळ्या भिकाऱ्याचे नाव, बार्तीमय, फक्त मार्क देतो. मत्तयाच्या वृत्तान्तात आंधळे दोन आहेत.

आठवड्याचा सराव

दीड तास पुरतो. पहिली वीस मिनिटे नव्या भागाचे मोठ्याने वाचन. नंतर अर्धा तास कार्डे: नवी कार्डे घरी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी पाहायची आणि आठवड्याने पुन्हा सरावात विचारायची. चुकलेले कार्ड पुन्हा नव्या गठ्ठ्यात जाते. त्यानंतर अर्धा तास बझरवर सामना आणि शेवटची दहा मिनिटे गप्पांची.

बझर आणि नियम

अमेरिकेत हा खेळ विसाव्या शतकाच्या मध्यावर यूथ फॉर ख्राइस्टच्या कामातून वाढला. तिथे खुर्चीवर दाब ओळखणारी गादी असे आणि उत्तर येणारा उठला की दिवा लागे. आपल्याला एवढ्याची गरज नाही. मंडळीतला एखादा इलेक्ट्रिशियन आठ बटणांची अशी पेटी बनवून देऊ शकतो की पहिला दिवा लागताच बाकीचे बंद व्हावेत. तोवर हात वर करणे आणि डोळे उघडे ठेवणारा एक पंच एवढ्यावर भागते.

एका सामन्यात वीस प्रश्न ठेवावेत. बरोबर उत्तराला 20 गुण. प्रश्न पुरा होण्याआधी बझर दाबून चुकल्यास 10 गुण वजा, आणि प्रश्न दुसऱ्या संघाकडे. उत्तराला तीस सेकंद. एकाची चार उत्तरे बरोबर आली की त्याने उठून राखीव खेळाडूला किंवा साथीदारांना संधी द्यावी. या एका नियमामुळे संघ एकट्याच्या जिवावर चालत नाही. हरकत फक्त कप्तानाने, वचन दाखवून घ्यावी आणि पंचाचा निर्णय मान्य करावा.

मध्येच बझर दाबण्याचे कसब शिकवावे लागते. समजा प्रश्न असा आहे: ‘उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, तेव्हा जेवणारे किती होते?’ सहाव्या अध्यायात पाच हजार पुरुष जेवतात आणि बारा टोपल्या उरतात. आठव्यात जेवणारे सुमारे चार हजार आणि उरलेल्या टोपल्या सात. म्हणजे ‘बारा’ ऐकल्यावर बझर दाबणारा जाणकार, त्याआधी दाबणारा नशीब अजमावणारा. कुठल्या शब्दावर उत्तर एकच उरते, हे मुले प्रत्येक कार्डावर खूण करून शिकतात.

गुणांच्या पलीकडे

शेवटची दहा मिनिटे घाईघाईत उरकू नयेत. त्याच आठव्या अध्यायात, तारवात बसलेल्या शिष्यांना येशू टोपल्यांचे हेच दोन आकडे विचारतो. शिष्य दोन्ही उत्तरे बरोबर देतात, आणि तरीही तो विचारतो की त्यांना अजून समजले नाही का. बरोबर उत्तर देणाऱ्यांनाच हा प्रश्न केला आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. म्हणून गप्पांच्या वेळी गुण नाहीत, बझर नाही. या आठवड्यात काय पटले, काय पटले नाही, कशाचा अर्थ लागला नाही, हे मोकळेपणी बोलू द्यावे आणि अवघड प्रश्न पाळकसाहेबांसमोर ठेवावेत.

दुसऱ्या वर्षी लूक किंवा प्रेषितांची कृत्ये घ्यावे. कृत्यांत 28 अध्याय आहेत, त्यामुळे वर्षभराचे वेळापत्रक लागेल. अकरावी ओलांडलेल्या मुलांना प्रश्नकर्ते आणि पंच करावे. ज्याने एक पुस्तक असे आतून पाहिले, तो लहानांना ते शिकवू शकतो, आणि शिकवणाऱ्याची जागा मिळाली की तो मंडळीत टिकतो.