स्टाईल म्हणजे नेमके काय? एका कापड व्यापाऱ्याचा हिशोब

हल्ली दुकानात येणारा तरुण कापड मागत नाही, मोबाईलमधला फोटो पुढे करतो. "चाचा, अगदी असाच शर्ट पाहिजे." फोटोतला शर्ट शोभतो, कारण तो त्या माणसाच्या मापाचा असतो. गिऱ्हाईकाच्या हे ध्यानात येत नाही. आपल्या धंद्यातल्या माणसाच्या मात्र यायला हवे.

माझ्या समजुतीने स्टाईल म्हणजे महाग कापड नव्हे आणि दर महिन्याला बदलणारी डिझाईनही नव्हे. कपडा अंगावर नीट बसला, धुतल्यावरही तसाच राहिला आणि घालणाऱ्याला तो दिवसभर ओढून सरळ करावा लागला नाही, की साधा पांढरा शर्टसुद्धा रुबाबदार दिसतो. उर्दूत याला सलीका म्हणतात.

शर्ट बघताना मी आधी खांदा बघतो. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. ती अर्धा इंच खाली उतरली, तर हजार रुपये मीटरचे कापडही उसने आणल्यासारखे दिसते. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवावी लागते. रेडिमेड कपडा ठरावीक साईजमध्ये येतो, माणसे तशी येत नाहीत. आपल्या टेलरबंधूंची रोजी या फरकावरच उभी आहे.

आता आकसण्याविषयी. काही वर्षांपूर्वी ईदच्या आधी एकाच घरातल्या चार भावांना मी कुर्त्यांसाठी पांढरे सुती कापड दिले. "आकसणार नाही," असे मीच छातीठोकपणे सांगितले, कारण घाऊक व्यापाऱ्याने मला तसे सांगितले होते. मी स्वतः तपासले नव्हते. पहिल्याच धुण्यात चारही कुर्ते गुडघ्याच्या वर गेले. ते लोक भांडायला माझ्याकडे नाही, टेलरकडे गेले. त्या बिचाऱ्याने माप बरोबर घेतले होते. मला कळल्यावर कापडाचे पैसे आणि शिवणावळ दोन्ही मी भरली, पण मोहल्ल्यात त्याचे नाव झाले ते झालेच.

मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागले की तो ताण सुटतो, म्हणून सुती कापड बहुधा लांबीत जास्त आकसते. तपासणी सोपी आहे. कापडाच्या तुकड्यावर उभ्या धाग्याच्या दिशेने 50 सेंटिमीटरवर दोन खुणा करा. धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मापा. 48 भरले तर शेकडा 4 आकस. म्हणजे 40 इंची कुर्ता दीड इंचाहून अधिक तोकडा होणार. असे कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापावे.

कापताना कापड वाचवण्यासाठी काही कारागीर पॅटर्न थोडा तिरपा ठेवतात. बोटभर कापड वाचते, पण धुतल्यावर बाही पिळवटते. कॉलरचेही तसेच. हलक्या प्रतीचे फ्यूजिंग लावले की दोनचार धुण्यांत कॉलरवर फुगे येतात, आणि माणसाची नजर आधी कॉलरवरच जाते.

रंग दाखवताना गिऱ्हाईकाला ताका घेऊन दाराशी न्यावे. ट्यूबलाईटखाली जुळलेले शर्ट-पँटचे रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. दुकानात खूश झालेले गिऱ्हाईक रस्त्यावर नाराज होते, आणि ते परत सांगायलाही येत नाही.

आता मी प्रत्येक सुती ताक्याला चिठ्ठी टाचतो: पन्हा किती, आकस किती, भिजवायचे की नाही. कापड फाडले की तोच मजकूर बिलाच्या मागे लिहून देतो. गिऱ्हाईक वाचत नाही, टेलर वाचतो.