लाकडाचे लहान तुकडे कापताना

कुऱ्हाडी-कुदळीच्या पाचरी, खुंट्या कापण्यासाठी विजेवरील मायटर सॉ वापरत असाल, तर लांब लाकडापेक्षा आखूड तुकड्याची धास्ती जास्त बाळगावी. तुकडा लहान असला की बोटे पात्याजवळ जातात. पात्याने तुकडा हिसकावला की हातही सोबत ओढला जातो. हात पात्यापासून किमान १५ सें.मी. दूर हवा. तेवढे अंतर राहत नसेल, तर तुकडा मागच्या आधारपट्टीला टेकवून क्लॅम्पने आवळावा. त्याहून सोपे म्हणजे लांब दांडक्याच्याच टोकाचे तुकडे कापत जावेत. सुटणारा तुकडा मात्र अडवू नये, तो अडकून जोराने उडतो. पाते पूर्ण थांबल्यावरच वर उचलावे. हातमोजे घालू नयेत. एखाद्या पाचरीसाठी तर साधी हातकरवतच बरी.