फळांचे कुरकुरीत काप आणि सादळणारी हवा

एका जुलै महिन्यात आम्ही यवतमाळला घरच्या ओव्हनमध्ये केळ्याचे काप वाळवले. निवल्यावर एक मोडून पाहिला, तर तो कटकन तुटला. समाधानाने ते ताटात पसरून ठेवले आणि कामाला लागलो. दोन तासांनी पाहतो तर सगळे काप चिवट! ‘अजून थोडा वेळ ठेवायला हवे होते,’ असे निदान घरात झाले. ते चुकीचे होते. काप पुरेसे वाळले होते, पण नंतर त्यांनी हवेतले पाणी शोषून घेतले होते.

पदार्थ वाळणे आणि सादळणे या एकाच देवघेवीच्या दोन बाजू आहेत. पदार्थातले पाणी हवेत जाते, हवेतले पदार्थात येते, आणि काही काळाने दोन्हींचा तोल साधतो. हा तोल कोठे साधणार, हे हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असते. विदर्भात पापड, कुरडया, सांडगे यांचे वाळवण उन्हाळ्यातच का घालतात, याचे उत्तर येथे आहे. ऊन कडक असते हे खरेच, पण हवाही तहानलेली असते.

थोडे गणित करू. मे महिन्यातील दुपारी तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे असे धरू. या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५६ ग्रॅम बाष्प मावते. प्रत्यक्षात असते ११ ग्रॅम. जुलैमध्ये २८ अंशांना २७ ग्रॅम मावते आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले असते. हीच पावसाळी हवा ओव्हनमध्ये ६५ अंशांपर्यंत तापवली तर काय होईल? हवा प्रसरण पावते, म्हणून घनमीटरमागे बाष्प साडेवीस ग्रॅम उरते. पण आता मावू शकते १६० ग्रॅम. म्हणजे सापेक्ष आर्द्रता १३ टक्क्यांवर आली! बाष्प काढून न टाकता, केवळ तापवून आपण भर पावसाळ्यात मे महिन्यापेक्षाही कोरडी हवा तयार केली. काप वाळवताना ओव्हनचे काम शिजवण्याचे नसून असे हवा कोरडी करण्याचे आहे. म्हणूनच त्याचे दार थोडे किलकिले ठेवायचे. नाहीतर कापांतून निघालेली वाफ आतच कोंडते.

आता कुरकुरीतपणाकडे वळू. चिक्कीचा पाक गरम असताना वाकतो, थंड झाल्यावर खटकन तुटतो. साखरेचे रेणू तेव्हा स्फटिकांसारखी शिस्तबद्ध रचना न करता जागच्या जागी थिजलेले असतात. काचेतही असेच घडते, म्हणून या स्थितीला काच-अवस्था म्हणतात. पूर्ण कोरडी सुक्रोज साखर सुमारे ६५ अंशांखाली, ग्लुकोज सुमारे ३१ अंशांखाली, तर फ्रुक्टोज ५ अंशांच्या आसपास काच-अवस्थेत जाते. त्यात थोडे जरी पाणी मिसळले तरी हे तापमान झपाट्याने खाली येते आणि पदार्थ मऊ पडतो. ओव्हनमधून काढलेला गरम काप मऊ लागतो तो याच कारणाने. निवल्याशिवाय त्याची परीक्षा करू नये.

फळ निवडतानाही हे उपयोगी पडते. फार पिकलेल्या केळ्यात स्टार्चचे रूपांतर साखरेत झालेले असते, त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोजही भरपूर असतात, म्हणून त्याचे काप चिकट होतात. नुकतेच पिवळे झालेले, डाग न पडलेले केळे चांगले. आपल्या जिल्ह्यातील गोंड व कोलाम कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचून उन्हात वाळवतात. ती मनुक्यांसारखी लवचीकच राहतात, कारण त्यांत साखर फार. तरीही ती टिकतात. मात्र वाळवणावर अवकाळी पाऊस आला तर फुलांना बुरशी धरते आणि घरचा साठा व हाती येणारा पैसा दोन्ही जातात.

टिकणे आणि कुरकुरीत होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पदार्थाचा तोल ६० टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या हवेशी साधत असेल, तर त्यावर बुरशी वाढत नाही. कुरकुरीत होण्यासाठी याच्याही बरेच खाली जावे लागते आणि हे शेवटचे पाणीच सर्वांत सावकाश निघते.

कृती अशी. सोललेल्या एक किलो केळ्यांचे तीन मिलिमीटर जाडीचे सारखे काप करा. ते काळे पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढून जाळीवर एकेरी पसरा. ओव्हन ६५ ते ७० अंशांवर ठेवा. घाईने १५० अंशांवर नेल्यास बाहेरचा थर कडक होतो आणि पाणी आत अडकते. वेळ घड्याळापेक्षा तराजूने ठरवावी. केळ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, तेव्हा वजन २६० ग्रॅमच्या आसपास आले की काप तयार झाले. याला सहा-आठ तास सहज लागतात. सुमारे ७४० ग्रॅम पाण्याची वाफ करायला १८ लाख जूल, म्हणजे अर्धे युनिट वीज हवी. प्रत्यक्षात गरम हवा बाहेर जात राहते, त्यामुळे खर्च कितीतरी पट होतो. म्हणून उन्हाळ्यात काप मलमलीखाली दिवस-दोन दिवस उन्हात वाळवावेत आणि शेवटचा तास-दीड तासच ओव्हन वापरावा.

काप निवताच कोरड्या काचेच्या बरणीत भरा. चार-पाच दिवस बरणी रोज हलवून पाहा. आत काचेवर दव दिसले तर काप आतून ओले आहेत. ते पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे. वरची बुरशी पुसून खाऊ नये, कारण काही बुरशींची विषे उष्णतेनेही नष्ट होत नाहीत.

ओव्हन नसलेल्या शाळेतही हा विषय शिकवता येतो. दोन बरण्यांच्या तळाशी दोन वाट्या ठेवा. एकीत मिठाचे संपृक्त द्रावण, दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचे. झाकण लावल्यावर पहिल्या बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या, दुसरीतली ३३ टक्क्यांच्या जवळ स्थिर होते. दोन्हींत, द्रावणाचा स्पर्श होणार नाही अशी, वजन केलेली बिस्किटे टांगा. रोज वजन करून आलेख काढा आणि आठवड्याने ती मोडून पाहा. मग बिस्किटांची अदलाबदल करा. सादळलेले बिस्कीट पुन्हा कुरकुरीत होईल का? उत्तर आधी विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्या, बरणी नंतर उघडा.